दारातील स्पीकर आणि अ‍ॅम्प्लिफायरचा गेन

प्रश्न : गाडीच्या पुढच्या दारांत 4 ओहमचे, 60 वॉट आरएमएस क्षमतेचे स्पीकर असून त्यांना 75 वॉट आरएमएसचा अ‍ॅम्प्लिफायर जोडला आहे. स्टिरिओचा आवाज 40 पैकी 22 च्या पुढे नेला की गाणे फाटते. खोक्यावर 300 वॉट लिहिलेले दाखवून फिटरने गेन जवळजवळ पूर्ण फिरवून दिला आहे. तो घरी नीट लावता येईल का?
– एक वाचक, मनीषनगर, नागपूर

उत्तर : जरूर येईल, आणि तो लवकर लावावा. खोक्यावरचे 300 वॉट क्षणभराचे असतात. हिशेब सलग पेलण्याच्या, म्हणजे आरएमएस वॉटचाच धरावा. स्टिरिओकडून किती व्होल्टचा सिग्नल आल्यावर अ‍ॅम्प्लिफायरने पूर्ण ताकद द्यायची, एवढेच गेन ठरवतो. तो टोकाला नेल्यामुळे तुमचा अ‍ॅम्प्लिफायर 22 वरच मर्यादेला पोहोचतो आणि त्यापुढे ध्वनिलहरींचे माथे सपाट कापले जातात. पूर्ण चौकोनी झालेली लहर तेवढ्याच उंचीच्या साध्या लहरीच्या दुप्पट शक्ती वाहते. म्हणजे 75 वॉटचा अ‍ॅम्प्लिफायरही 60 वॉटच्या स्पीकरमध्ये 150 वॉटच्या आसपास ओतू शकतो. स्पीकरमधली तारेची कॉइल जळते ती याच उष्णतेने.

प्रथम स्पीकरच्या तारा अ‍ॅम्प्लिफायरपासून सोडवाव्यात, गेन किमान ठेवावा, बास बूस्ट व लाउडनेस बंद करून इक्वलायझर शून्यावर आणावा. इंजिन चालू ठेवून, अर्थात उघड्या जागेत, 0 डेसिबलचा, म्हणजे ध्वनिमुद्रणातील कमाल पातळीचा, अखंड टेस्ट टोन लावावा आणि स्टिरिओ 30 वर न्यावा. दुकानदार सहसा 1000 हर्ट्झचा टोन सुचवतात. परंतु अनेक स्वस्त मल्टिमीटर एसी व्होल्टेज साधारण 400 हर्ट्झपर्यंतच बिनचूक मोजतात, म्हणून 400 हर्ट्झचाच टोन घ्यावा. आता वॉट गुणिले ओहम, म्हणजे 60 गुणिले 4, यांचे वर्गमूळ साधारण 15.5 येते. मल्टिमीटर एसीवर ठेवून एका चॅनेलच्या दोन्ही टोकांवर 15.5 व्होल्ट दिसेपर्यंत गेन सावकाश फिरवावा आणि तिथेच सोडावा. दुसऱ्या बाजूचाही आकडा पाहावा. नंतर टोन बंद करून प्लस-मायनस न चुकता तारा जोडाव्यात आणि हाय-पास फिल्टर (ठरवलेल्या मर्यादेखालचे खोल सूर अडवणारा) 80 हर्ट्झच्या आसपास ठेवावा. दारातल्या लहान शंकूकडून खोल बासची अपेक्षा करणे त्याच्यावर अन्याय आहे.

नागपूरकरांनी मे महिन्यात आणखी जपावे. पारा 45 अंशांवर असताना उन्हात उभ्या गाडीतला अ‍ॅम्प्लिफायर आधीच तापलेला असतो, त्यामुळे एसीने गाडी थोडी निवेपर्यंत आवाज बेताचा ठेवावा. जुनी गाणी मूळ ध्वनिमुद्रणातच हळू असल्याने ती कमी वाटतील, तेव्हाही गेनला हात लावू नये. एवढे करूनही 30 वर आवाज फाटलाच, तर सिग्नल स्टिरिओतच कापला जात असण्याची शक्यता मोठी आहे. अशा वेळी 26 ही वरची मर्यादा धरून हीच मोजणी पुन्हा करावी.