चुंबकी अंगठी डोळ्यांत भरू नये यासाठी

तुम्ही दोन गोष्टी विचारल्या आहेत. घरच्या साखरपुड्यात चुंबकी अंगठीच्या साहाय्याने, म्हणजे नाणे तळहाताच्या बाजूने अंगठीला चिकटवून लपवत, रुपयाचे नाणे गायब करून दाखवताच मामेभाऊ "आधी ती अंगठी काढ" म्हणाला, त्यावर उपाय काय, ही पहिली. आणि नवी अंगठी घ्यायची तर कोणती घ्यावी, ही दुसरी. माझ्या मते दोन्हींचे मूळ एकच आहे. प्रेक्षकांचा संशय अंगठीवर जातो तो नाणे नाहीसे झाल्यामुळे तितकासा नव्हे, जितका ती अंगठी त्यांनी तुमच्या बोटात पूर्वी कधीच पाहिलेली नसल्यामुळे. नेहमी मोकळ्या हाताने वावरणारा मुलगा नेमका जादू दाखवायच्या दिवशी जाड, काळी, चकचकीत अंगठी घालून आला, तर अर्धे उत्तर त्याने स्वतःच देऊन टाकलेले असते.

म्हणून अंगठी प्रयोगाच्या दिवशी घालू नये. प्रयोगाच्या काही आठवडे आधीपासून रोज घालावी. घरच्यांनी "ही कधी घेतलीस?" असे एकदा विचारून झाले, की त्यानंतर ती कोणाला दिसत नाही. रोजच्या वापरात थोडा त्रास होतो, तो आधीच सांगतो. अशा अंगठीतले निओडिमियम या धातूच्या मिश्रणाचे चुंबक फार जोरकस असतात, त्यामुळे किल्ल्या बोटाला चिकटतात आणि हॉटेलच्या खोलीचे चुंबकी पट्टीचे कार्ड कधी कधी निकामी होते. काटे असलेले यांत्रिक घड्याळ दुसऱ्या हातात बांधावे. फोनमधले होकायंत्र अशा अंगठीजवळ नेल्यास भरकटते. चिकित्सक मामेभावाला हे सुचले, तर मात्र तुमची खरी परीक्षा आहे. ज्यांना पेसमेकर बसवला आहे त्यांच्या छातीपासून हा हात किमान 15 सेंटिमीटर दूर ठेवावा आणि एमआरआयच्या खोलीजवळ जाण्याआधी अंगठी उतरवावी. लग्नघरात वयस्कर मंडळी पुष्कळ असतात, त्यामुळे वाकून नमस्कार करताना किंवा गळाभेट घेताना याचे भान ठेवणे आवश्यक आहे.

कोणती अंगठी घ्यावी, याचे उत्तर तुमच्या आजूबाजूचे लोक हातातली अंगठी कशी पाहतात यावर अवलंबून आहे. आपल्याकडे पुष्कराज तर्जनीत, नीलम मधल्या बोटात, पाचू करंगळीत, असे संकेत अनेकांना पाठ असतात. खडा दिसला की "कोणी सांगितला?" हा प्रश्न ठरलेलाच, आणि पाठोपाठ खडा पाहण्यासाठी समोरचा हात पुढे येतो. खड्याच्या अंगठीत चुंबक दडवून घेण्याची हौस मला म्हणूनच पटत नाही. बिनखड्याची, अरुंद, चांदीसारख्या मंद झाकेची अंगठी अनामिकेत घालावी. विवाहित माणसाला तर सोनेरी मुलामा असलेली साधी अंगठी पुरते. चुंबक थोडा कमी ताकदीचा असला तरी बिघडत नाही. एक नाणे धरून ठेवण्यापुरती ओढ असली म्हणजे झाले.

नाण्याची निवड मात्र काटेकोर हवी. 1992 पासूनचे रुपयाचे नाणे स्टेनलेस स्टीलचे आहे आणि ते चुंबकाला चिकटते. त्याआधीची तांबे-निकेलची नाणी चिकटत नाहीत, तसेच सोनेरी झाकेचे निकेल-ब्रासचे पाच रुपयांचे नाणेही चिकटत नाही. "कोणाकडे नाणे आहे का?" असे मोघम विचारल्यास हमखास हेच पाच रुपयांचे नाणे हातात पडते, म्हणून "एक रुपया द्या" असे स्पष्ट मागावे. परदेशातल्या वाचकांसाठी सांगायचे तर अमेरिकेतली चलनातली नाणी चिकटत नाहीत. ब्रिटनमध्ये 1992 पासूनची एक आणि दोन पेन्सची नाणी पोलादावर तांब्याचा मुलामा दिलेली असल्याने चालतात.

आता हाताविषयी. नाणे सरळ अंगठीवर आदळले, तर धातूवर धातू आपटल्याचा बारीक "टिक" आवाज येतो आणि शांत खोलीत तो पुरेसा असतो. नाणे बोटाच्या मांसल भागावरून सरकवत, कडेकडून अंगठीपर्यंत न्यावे, म्हणजे ते बिनआवाज बसते. त्यानंतर बोटे ताठ पसरवू नयेत. किंचित वाकलेली, सैल बोटे हीच हाताची नैसर्गिक ठेवण आहे. सर्वांत दुर्लक्षित गोष्ट म्हणजे लहान मुले. तुम्ही उभे राहून उभ्या माणसांना दाखवता तेव्हा सात-आठ वर्षांच्या मुलाची नजर तुमच्या तळहाताच्या खालून येते आणि "त्याच्या बोटाला चिकटलंय!" ही आरोळी तिथूनच उठते. मुले असतील तर खाली बैठकीवर बसावे आणि हात त्यांच्या नजरेच्या खाली ठेवावेत.

"अंगठी काढ" या मागणीवर बरेच जण तशीच दिसणारी, चुंबक नसलेली दुसरी अंगठी बाळगतात. उपाय चांगला आहे, पण अदलाबदलीची हातचलाखी पक्की नसेल, तर एका संशयाचे दोन होतात. माझा कल क्रमाकडे आहे. चुंबकाचा प्रयोग मधोमध ठेवावा, तो झाल्यावर नाणे मालकाला परत द्यावे, रुमाल काढण्याच्या निमित्ताने अंगठी खिशात सोडावी आणि पुढचा प्रयोग मोकळ्या हातांनी, पाच रुपयांच्या नाण्याने करावा. तोवर कोणी अंगठीचे नाव काढलेच, तर हात आधीच रिकामे असतात.

तुम्ही हे "मनःशक्ती" म्हणून सादर करण्याविषयीही लिहिले आहे. करमणूक म्हणून नाट्यमय बोलणे वेगळे. परंतु चमत्काराचा दावा करून लोकांना फसवणे आणि त्यावर पैसे मिळवणे हा महाराष्ट्रात 2013 च्या जादूटोणाविरोधी कायद्याखाली गुन्हा आहे. आपल्या नातेवाइकांत कोण काय खरे मानून बसेल याचा नेम नसतो, तेव्हा "ही हातचलाखी आहे" हे वाक्य सुरुवातीलाच म्हणून टाकावे. त्याने रंगत कमी होत नाही, उलट पाहणारे अधिक डोळे लावून बसतात.

मागणी नोंदवण्यापूर्वी बोटाचे माप संध्याकाळी घ्यावे, कारण सकाळी किंवा गारठ्यात बोट बारीक असते. अंगठी नेहमीपेक्षा थोडी घट्टच असावी. सैल असली, तर नाण्याच्या ओढीने ती बोटात फिरते आणि ओढ हवी त्या जागी राहत नाही.