एचआयव्ही आहे, गोळ्या नियमित आहेत, काम दिवसभर बसून. व्यायाम झेपेल का? चालणं बरं की जिम?

झेपेल. न झेपायला काय झालं? व्हायरल लोड, म्हणजे रक्तातलं विषाणूचं प्रमाण, दबलेला आहे असं तुम्हीच लिहिलंय. पण "दम लागला तर काउंट उतरेल, असं घरचे म्हणतात" (काउंट म्हणजे सीडी-फोर, प्रतिकारशक्तीच्या पेशींची संख्या) ही तुमची ओळ वाचली आणि मशीन बंद करून लिहायला बसले. आमच्या दादाच्या तोंडून हे वाक्य ऐकून ऐकून माझे कान किटलेत.

मी साताऱ्यात शिलाईकाम करते. माझ्या गोळ्या सुरू झाल्या तेव्हा त्यात स्टॅव्हुडीन हे जुनं औषध असायचं. त्यानं व्हायचं ते रूप जुन्या मंडळींना ठाऊक आहे: गाल आत, हातापायाच्या काड्या आणि पोट तेवढं पुढं. रस्त्यात कुणी "किती वाळलीस गं" म्हटलं की धस्स व्हायचं. तेव्हा दादाच मला स्कूटरवरून एचआयव्हीच्या गोळ्या देणाऱ्या सेंटरला न्यायचा, रांगेत उभा राहायचा. ते उपकार मी विसरणार नाही. पण बाई अंगानं भरली म्हणजे बरी झाली, हे त्याच्या डोक्यात बसलं ते बसलंच. पुढं गोळ्या बदलल्या, अंग धरलं, डोल्युटेग्राविर या नव्या गोळीवर आल्यावर वजन आणखी चढलं. त्याला आनंदच. डिंकाचे लाडू काय, तूप काय, दुपारची सक्तीची झोप काय! भरलेली कळशी उचलू द्यायचा नाही. पाहुण्यांत आजाराचं नाव न घेता "ती नाजूक आहे" म्हणायचा. भयंकर राग यायचा मला त्या शब्दाचा.

मग ब्लाउज पोचवायला गेले की दुसऱ्या मजल्याच्या जिन्यात थांबावं लागायला लागलं. दादाचं निदान तयार: काउंट घसरला! सेंटरला तपासलं. सीडी-फोर छान, व्हायरल लोड सापडतच नाही. बीपी मात्र वाढलेलं, बाहेरून केलेल्या रिपोर्टात कोलेस्टेरॉलही. ईसीजी ठीक. डॉक्टरबाईंनी दादालाच समोर बसवून सांगितलं, व्हायरस दबला तरी शरीरात बारीक सूज धुमसत राहते, रक्तवाहिन्या खराब करते, म्हणून एचआयव्ही असलेल्यांना हृदयविकाराचा धोका इतरांच्या दीडपट ते दुप्पट. वर दिवसभर बसून काम. हिला चालू द्या. बाहेर आल्यावर दादा म्हणतो, "त्यांना काय जातंय सांगायला?"

चालायला लागले. अजिंक्यताऱ्याच्या रस्त्यानं, आधी वाटेतल्या 'चार भिंती' नावाच्या ठिकाणापर्यंतच. साडी वर खोचलेली, पायात मुलाचे जुने बूट, पुढं अस्तराच्या चिंध्या कोंबलेले. बघणारे बघायचे. हळूहळू कंबर आत आली. टेप घरचाच, खोटं बोलत नाही. तर दादा म्हणे, "वाळायला लागलीस, लोक विचारतील." विचारू देत की! म्हणजे माझ्या छातीपेक्षा त्याला लोकांच्या तोंडाची काळजी. तुमच्या घरीही बहुधा हेच शिजतंय, काउंट नुसता पुढं केलाय. व्यायामानं काउंट उतरत नाही, व्हायरल लोडही वाढत नाही. यावर अभ्यास होऊन गेलेत.

किती करायचं? जागतिक आरोग्य संघटनेचं (डब्ल्यूएचओ) माप आठवड्याला किमान 150 मिनिटं, बोलता येईल पण गाता येणार नाही इतपत दम लागेल असं. तुम्ही दहा मिनिटांनी सुरू करा. शिवाय आठवड्यातून दोन दिवस ताकदीचं काही: उठबशा, भिंतीला हात टेकून जोर. एचआयव्हीच्या गोळ्यांतल्या टेनोफोव्हिरनं हाडं थोडी विरळ होतात, त्यांनाही याचा उपयोग.

जिमचं मला विचारू नका, मी पायरी चढलेले नाही. एवढं माहीत आहे की 2017 च्या एचआयव्ही कायद्याप्रमाणे कोर्टाचा हुकूम असल्याशिवाय तुमचं स्टेटस सांगायची सक्ती कुणी करू शकत नाही, मग जिमचा फॉर्म कुठला! तिथं पावडरी गळ्यात मारतात म्हणे. त्यात कॅल्शियम किंवा लोह असेल तर ते डोल्युटेग्राविरबरोबर रिकाम्या पोटी घेऊ नका; डोल्युटेग्राविरची गोळी त्याच्या 2 तास आधी किंवा 6 तास नंतर. साखरेची मेटफॉर्मिन ही गोळी चालू असेल तर डॉक्टरांना आवर्जून सांगा, डोल्युटेग्राविरमुळे ती रक्तात वाढते.

चाळिशी ओलांडली असेल तर स्टॅटिनचंही, म्हणजे कोलेस्टेरॉल उतरवणाऱ्या गोळीचंही, विचारा. 2023 मध्ये रिप्रीव्ह नावाच्या मोठ्या अभ्यासाचा निकाल आला, 12 देशांतले 7,769 एचआयव्ही असलेले लोक, त्यात आपल्याकडचेही. रोज पिटाव्हास्टॅटिन हे त्यातलंच एक औषध घेणाऱ्यांत हार्ट अटॅक, स्ट्रोक वगैरे 35 टक्क्यांनी कमी झाले. दुकानातून मनानं आणू नका मात्र, काही स्टॅटिन काही एचआयव्हीच्या गोळ्यांबरोबर चालत नाहीत.

आणि हे आधीच लिहायला हवं होतं: सुरू करण्यापूर्वी बीपी, साखर, ईसीजी करून घ्या. चालताना छाती आवळली, दुखणं जबड्यात किंवा हातात उतरलं, तर सेंटरच्या तारखेची वाट न बघता त्याच घटकेला दवाखाना गाठा. तिथंही कुणी "काउंट बघू आधी" म्हणालं, तर त्याला आमच्या दादाकडे पाठवा.