दवाखान्यात माणूस ठेवताना

प्रश्न : माझा छोटा दवाखाना आहे. मी एकटीच डॉक्टर, सोबत एक सिस्टर आणि एक रिसेप्शनिस्ट. सिस्टर आता सोडून चाललीय आणि रिसेप्शनला तर कोणी टिकतच नाही. मागच्या मुलीचा बायोडेटा छान होता, इंटरव्ह्यूत बोललीही मस्त, पण गर्दी झाली की पेशंटवर खेकसायची आणि एकदा तर एकाचा रिपोर्ट दुसऱ्याच्याच हातात दिला. आता दोन्ही जागा भरायच्यात. अनुभव बघू की शिक्षण? ओळखीतलं कोणी घेऊ का? आणि इंटरव्ह्यूत नेमकं विचारायचं काय?

उत्तर : डॉक्टर, इंटरव्ह्यूत मस्त बोलली म्हणजे तिला इंटरव्ह्यू मस्त देता येतो एवढंच कळलं, त्यापुढचं काही नाही. १९९८ साली श्मिट आणि हंटर या दोन मानसशास्त्रज्ञांनी माणसं निवडण्यावरचं ८५ वर्षांचं संशोधन एकत्र करून तपासलं, त्यात किती वर्षांचा अनुभव आहे यावरून पुढच्या कामाचा अंदाज फारच कमी लागतो असं निघालं, आणि प्रत्यक्ष काम करून दाखवायला सांगणं आणि सगळ्यांना तेच ठरलेले प्रश्न विचारणं या दोन गोष्टी वरच्या नंबरांत आल्या. २०२२ मध्ये सॅकेट आणि सहकाऱ्यांनी हे गणित परत मांडलं, बरेच आकडे खाली आले, पण ठरलेल्या प्रश्नांचा इंटरव्ह्यू तेव्हाही सगळ्यात वर राहिला. तेव्हा "तुमच्याबद्दल सांगा" वगैरे सोडा आणि दहा मिनिटं काम करायला लावा.

रिसेप्शनसाठी मी काय करेन सांगते. शेजारच्या खोलीतून फोन लावायचा आणि पेशंट बनून बोलायचं, "छातीत दुखतंय, घाम सुटलाय, संध्याकाळची अपॉइंटमेंट मिळेल का?" काही जण सरळ वही उघडून सहाची वेळ देऊन टाकतात. हार्ट अटॅकची लक्षणं तिला माहीत असावीत अशी अपेक्षा नाही, पण हे काहीतरी वेगळं आहे, थांबून डॉक्टरांना विचारावं एवढं तरी सुचतंय का ते बघायचं. नाही सुचलं तरी लगेच काट मारू नका. एकदा समजावून सांगा आणि थोड्या वेळाने दुसरा तसाच फोन करा, तोंड वाकडं झालेली आणि बोलताना अडखळणारी आई आहे म्हणून. सांगितलेलं उचलते की नाही ते तिथेच कळतं, आणि मला विचाराल तर सगळ्यात मोठी परीक्षा हीच.

मग सारख्या नावाच्या दोन खोट्या फायली ठेवा आणि रिपोर्ट द्यायला सांगा. "तुम्ही अमुकच ना?" असं विचारलं की घाबरलेला किंवा कमी ऐकू येणारा पेशंट हो म्हणून मोकळा होतो. त्यामुळे नाव आणि जन्मतारीख दोन्ही पेशंटकडून वदवून घ्यायची. तुमच्याकडे जो घोळ झाला तो इथेच अडला असता, पण हे तिला कोणी शिकवलं होतं का हाही प्रश्न आहेच. शेवटी फोनवर एक आकडा सांगा, समजा लॅबवाला बोलतोय आणि पोटॅशियम ६.१ आहे. लिहून घेऊन परत वाचून दाखवला का? न सांगता वाचून दाखवणारी माणसं फार कमी भेटतात, भेटली तर सोडू नका.

सिस्टरचं सर्टिफिकेट झेरॉक्सवर मानू नका, जिथे नोंदणी असते तिथूनच खात्री करा. बाकी हातात सिरिंज द्या. वापरलेल्या सुईवर दोन्ही हातांनी परत टोपण घालायला गेली तर सवय चुकीची आहे, सुई थेट सुयांसाठीच्या जाड डब्यात जायला हवी. आणि विचारा, लसीचा फ्रिज सकाळी ११ डिग्री दाखवतोय, काय कराल? २ ते ८ मध्ये हवा हे बहुतेक सांगतील. पण लस वापरणार नाही, फेकणारही नाही, वेगळी खूण करून दुसऱ्या नीट थंड फ्रिजमध्ये ठेवेन आणि तुम्हाला सांगेन, असं म्हणणारी खरी तयार. हो, आणि हेपॅटायटिस बीची लस तुमच्या खर्चाने द्या, ०, १ आणि ६ महिने असे तीन डोस. लस न घेतलेल्याला बाधित सुई टोचली तर लागण व्हायची शक्यता ३० टक्क्यांपर्यंत जाते.

ओळखीतलं माणूस? शक्यतो नको. ठेवणं सोपं, काढणं महाकठीण, आणि कोण कशासाठी येऊन गेलं हे घरच्या गप्पांत निघालं की पेशंट दुसरीकडे जातात, तुम्हाला कारणही कळत नाही. आधीच्या ठिकाणी फोन मात्र नक्की करा. "कशी होती?" म्हटलं की सगळे चांगलीच म्हणतात, "परत ठेवाल का?" विचारा आणि गप्प राहून ऐका.

आता टिकण्याचं. फोन, पैसे, फायली, दारातली भांडणं, सगळं एकाच माणसावर टाकलं तर शांत माणूसही खेकसेल हो. गर्दीच्या दोन तासांत फोन कोण उचलणार, सुट्टी कधी, पगार कधी वाढणार हे आधी कागदावर लिहा आणि मगच माणूस शोधा. सुरुवातीचे काही दिवस ट्रायल ठेवा, पण पगारासकट. आणि चूक झाली तर पेशंटसमोर नका बोलू, पेशंटही मग तिला तसंच बोलायला लागतात.

प्रश्न : मी एका क्लिनिकमध्ये रिसेप्शनला आहे. पेशंट फोनवर विचारतात गोळी अर्धी घेऊ का, बंद करू का. डॉक्टर कामात असतात, नाही सांगितलं तर पेशंट चिडतात. काय करू?

उत्तर : सोपी गोळी असली, उत्तर पाठ असलं, तरी सांगायचं नाही. "मी विचारून तुम्हाला फोन करते" म्हणा, नाव, नंबर, गोळीचं नाव आणि आत्ता काय त्रास होतोय ते लिहून घ्या. श्वास लागणं, बेशुद्धी, रक्त न थांबणं असलं काही निघालं तर डॉक्टर कामात असले तरी दार वाजवायचं, आणि असं कधी कधी दार वाजवलेलं चालेल ना, हे डॉक्टरांकडून आजच ठरवून घ्या.