रात्रपाळीनंतरची झोप आणि लांबलेली मासिक पाळी

प्रिय भगिनी,

फोंड्याहून आलेले तुमचे पत्र मी दोनदा वाचले. तुमचे वय २७ वर्षे आहे. वेर्णा औद्योगिक वसाहतीतील एका औषध कारखान्याच्या प्रयोगशाळेत तुम्ही दीड वर्षापासून काम करता आणि तुमची शिफ्ट दर आठवड्याला बदलते. पूर्वी २९-३० दिवसांनी येणारी मासिक पाळी आता कधी ३८, तर कधी ५२ दिवसांनी येते आणि रक्तस्रावही अधिक होतो. आई याला अंगातली उष्णता म्हणते, शेजारच्या काकू मूल होईल की नाही अशी शंका काढतात आणि मार्गशीर्षात तुमचे लग्न आहे. यात झोपेचा खरोखर काही संबंध आहे का, गोळ्या घेऊन पाळी आणावी का आणि नोकरी सोडावी का, असे तुम्ही विचारले आहे.

संबंध आहे. मेंदूतील हायपोथॅलॅमस या भागात, डोळ्यांकडून येणाऱ्या मज्जातंतूंच्या अगदी वर, शरीराचे मुख्य घड्याळ असते आणि ते उजेड-अंधारावर चालते. याच हायपोथॅलॅमसमधून साधारण तास-दीड तासाच्या अंतराने जे संकेत मेंदूच्या तळाशी असलेल्या पीयूषिका (पिट्युटरी) ग्रंथीकडे जातात, त्यांवर बीजांड पक्व होणे आणि ते अंडाशयातून बाहेर पडणे अवलंबून असते. रात्री दिव्यांच्या झगझगीत उजेडात काम केले की अंधारात स्रवणारे मेलॅटोनिन हे झोपेशी निगडित संप्रेरक दबते, दिवसा तुकड्यातुकड्यांनी झोपले की ताणाशी निगडित कॉर्टिसॉलची लय बिघडते, आणि या गोंधळात बीजांड सुटण्याची वेळ पुढे ढकलली जाऊ शकते.

बीजांड सुटल्यानंतर पाळी येईपर्यंतचा काळ बहुधा दोन आठवड्यांच्या आसपासच राहतो, जास्त बदलतो तो त्याआधीचा काळ. म्हणून ५२ दिवसांच्या चक्रात बहुतेक वेळा बीजांड उशिरा सुटलेले असते किंवा सुटलेलेच नसते. तोवर गर्भाशयाचे अस्तर जाड होत राहते आणि पाळी आली की रक्तस्राव अधिक होतो. याचा अर्थ मूल होणार नाही असा मुळीच नाही, हे काकूंना निःसंकोच सांगा. मात्र लग्नानंतर दिवस मोजून गर्भधारणा टाळण्याच्या हिशेबावर विसंबू नका, कारण अशा चक्रात तो हिशेब चुकतो.

अमेरिकेतील ७० हजारांहून अधिक परिचारिकांच्या माहितीवर आधारलेला एक अभ्यास २०११ साली प्रसिद्ध झाला. फिरत्या रात्रपाळीचे महिने जितके अधिक, तितके अनियमित पाळीचे प्रमाण अधिक, असे त्यात आढळले. तरीही तुमच्या बाबतीत कारण हेच, असे मी येथे बसून म्हणणार नाही. थायरॉइडचा विकार, वाढलेले प्रोलॅक्टिन (दूध येण्याशी निगडित संप्रेरक), पीसीओएस (संप्रेरकांच्या असंतुलनातून होणारा अंडाशयांचा विकार), वजनातील मोठा बदल यांनीही पाळी लांबते, आणि सगळा दोष झोपेवर टाकून बसल्यास ही कारणे राहून जातात. तेव्हा फोंड्याच्या उपजिल्हा रुग्णालयात किंवा तुमच्या विश्वासातील स्त्रीरोगतज्ज्ञांकडे जाऊन थायरॉइड, प्रोलॅक्टिन आणि हिमोग्लोबिन तपासून घ्या, आणि त्यांनी सुचवल्यास सोनोग्राफीही करा. गर्भधारणेची शक्यता असेल तर ती चाचणी सर्वांत आधी. एक गोष्ट अनेकींना कोणी सांगत नाही: प्रोलॅक्टिन झोपेत वाढते, त्यामुळे उठल्याउठल्या रक्त दिले तर आकडा उगाच जास्त दिसू शकतो. तुम्ही किती वाजता झोपलात आणि किती वाजता उठलात, हे डॉक्टरांना आणि रक्त घेणाऱ्यांना आवर्जून सांगा.

पाळी आणणाऱ्या गोळ्या मनाने घेऊ नका. त्यांनी रक्तस्राव होईल, पण बीजांड वेळेवर का सुटत नाही, हा प्रश्न तसाच राहील. चतुर्थीच्या आधी पाळी पुढे ढकलण्यासाठी औषधाच्या दुकानातून थेट गोळ्या आणण्याची आपल्याकडची सवयही मला चिंतेची वाटते.

आता तुमच्या दिवसाच्या झोपेविषयी. सकाळी घरी आल्यावर तुम्ही नऊला झोपता, साडेबाराला आई जेवायला उठवते आणि मग झोप लागत नाही, हे वाचून मला मनापासून वाईट वाटले. आपल्या गोव्यात दुपारी दुकानांचे दरवाजे बंद होतात, वडील आडवे झाले की घरात कोणी मिक्सर लावत नाही, आणि त्या वेळी आलेल्या पाहुण्यालाही अवघडल्यासारखे होते. ज्या घराला तासाभराच्या विश्रांतीचा एवढा मान राखता येतो, त्या घराला रात्रभर उभे राहून आलेल्या मुलीची सहा-सात तासांची सलग झोपही राखता येईल. आई माया म्हणूनच उठवते, पण जेवण झाकून ठेवता येते. हा परिच्छेद तिला वाचून दाखवा.

कारखान्याची बस बोरीचा पूल ओलांडते तेव्हा सकाळचे ऊन थेट डोळ्यांवर येते आणि शरीराच्या घड्याळाला ‘दिवस उजाडला’ असा संकेत मिळतो, म्हणून बसमध्ये गडद चष्मा लावा. खोलीला जाड पडदे लावा आणि फोन बाहेर ठेवा. रात्रपाळीच्या उत्तरार्धात चहा-कॉफी टाळा, कारण कॉफीतील कॅफिन निम्मे उतरायलाही सुमारे पाच तास लागतात.

नोकरी भीतीपोटी सोडू नका. आधी डॉक्टरांची चिठ्ठी घेऊन वरिष्ठांशी बोला आणि काही महिने दिवसाची शिफ्ट मागा. ती मिळत नसेल तर निदान शिफ्टचा क्रम सकाळ, दुपार, रात्र असा पुढे सरकणारा असावा, कारण शरीराला उलट्या क्रमापेक्षा तो सोपा जातो. तीन महिने एका वहीत पाळीची तारीख, रक्तस्रावाचे दिवस आणि झोपेचे तास लिहून ठेवा. दिवसाची शिफ्ट असताना चक्र पुन्हा तीस दिवसांच्या जवळ आले, तर तुमच्या पहिल्या प्रश्नाचे उत्तर बऱ्याच अंशी त्या वहीतच मिळेल. पण तपासणी तीन महिन्यांवर ढकलू नका, ती याच महिन्यात व्हावी. तासा-दोन तासांत पॅड पूर्ण भिजू लागले किंवा चक्कर आली, तर त्याच दिवशी रुग्णालय गाठा.

तुमची,
ताई