बांधावर झाड लावलं तर ज्वारी बसेल का?

प्रश्न (बीड जिल्ह्यातील शेतकरी): चार एकर मध्यम जमीन आहे. खरिपात सोयाबीन-तूर, रब्बीत ज्वारी घेतो. बांधावर झाडं लावायची आहेत, पण सावलीनं ज्वारी बसेल असं शेजारी म्हणतात. वनशेती, म्हणजे पिकासोबत झाडं, आपल्याकडं चालते का? कोणतं झाड लावू?

उत्तर: वनशेती आपल्याकडं पिढ्यान्‌पिढ्या चालत आली आहे. केंद्राचं कृषिवानिकी (वनशेती) धोरण आलं २०१४ मध्ये; बांधावर बाभूळ, कडुलिंब, बोर त्याच्या कितीतरी आधीपासून होती. कोकण-गोव्याच्या कुळागरात (मिश्र बागेत) सुपारीवर मिरीचा वेल आणि खाली केळी आजही दिसते. छत्तीसगडचे शेतकरी धानाच्या बांधावर बाभूळ मुद्दाम राखतात.

तुम्हीही बाभूळच लावा, असं माझं स्पष्ट मत आहे. तिचं पान बारीक, सावली विरळ, मुळांवरच्या गाठी हवेतलं नत्र धरतात. शेंगा शेळ्यांना, काटे कुंपणाला, लाकूड औताला. लाकडी औतं गेली, ट्रॅक्टर आला आणि बाभळी तुटल्या. पण चारा आणि सरपण आजही लागतंच. शेळ्यांनी शेंगा खाऊन वाड्यात टाकलेलं बी वेचून लावा, ते चांगलं उगवतं. ते नसेल तर बियांवर कढत पाणी ओतून रात्रभर भिजू द्या.

शेजाऱ्यांचं म्हणणं अगदीच खोटं नाही. रब्बीत सूर्य दक्षिणेकडून जातो, सावली उत्तरेला पडते. म्हणजे दक्षिण बांधावरचं झाड तुमच्याच ज्वारीवर सावली धरतं. तो बांध मोकळा ठेवा. पूर्व बाजूच्या आणि पश्चिम बाजूच्या बांधांवर पाच-पाच मीटरवर लावा; तिथली सावली अर्धाच दिवस पिकावर असते. उत्तरेला रस्ता किंवा ओढा असेल तर तिथंही लावा, शेजाऱ्याचं रान असेल तर आधी त्यांना विचारा. दरवर्षी उन्हाळ्यात खालच्या फांद्या छाटा. तिसऱ्या वर्षापासून झाडापासून दोन मीटरवर, पिकाच्या बाजूला, दोन फूट खोल चर काढत चला, म्हणजे मुळं पिकात शिरत नाहीत.

आंबा किंवा चिंच लावायची तर विहिरीजवळच्या कोपऱ्यात एखादंच, कारण सावली दाट. शिवाय आंबा, चिंच, साग, जांभूळ ही १९६४ च्या वृक्षतोड कायद्याच्या यादीतली झाडं आहेत, तोडायला परवानगी लागते. लावलेली सगळी झाडं ई-पीक पाहणीत (मोबाइलवरून सातबाऱ्यावर पीक नोंदवायची सोय) बांधावरची झाडं म्हणून नोंदवा. पुढं तोडणीच्या वेळी झाड कुणाचं, हा वाद राहत नाही.