सीरियल पोर्ट जळतो तो बहुतेक वेळा ग्राउंडमुळे
तुम्ही विचारलंय की घरी बनवलेला ८०५१ चा (मायक्रोकंट्रोलर चिपचा) बोर्ड जुन्या डेस्कटॉपच्या सीरियल पोर्टला थेट जोडला तर पोर्ट उडेल का, आणि मध्ये किती ओहमचा रेझिस्टर टाकू. खरं सांगू का, तुमच्या ५ व्होल्टच्या सिग्नलने पोर्टला काही होत नाही हो, आरएस-२३२ चा, म्हणजे या सीरियल पोर्टच्या मानकाचा, रिसीव्हर उणे-अधिक २५ व्होल्ट सोसतो. उलट जीव जाईल तो तुमच्या कंट्रोलरचा, कारण पोर्टची ३ नंबरची पिन नुसती बसलेली असली तरी उणे व्होल्टेजवर असते, कधी उणे ११-१२ सुद्धा. म्हणून मध्ये नुसता रेझिस्टर नाही, मॅक्स२३२ (दोन्हीकडची व्होल्टेज जुळवणारी चिप) लागतोच, आणि त्याच्या ६ नंबर पिनच्या कपॅसिटरची प्लस बाजू ग्राउंडला जाते, तिथे निम्मे लोक उलटा लावतात आणि मग चिप खराब निघाली म्हणून दुकानदाराशी भांडतात.

पोर्ट मरतो तो ग्राउंडने. ५ नंबरची पिन आतून कॅबिनेटला, म्हणजे अर्थिंगला असते. आपल्याकडे सॉकेटला अर्थिंग नावालाच, मग एसएमपीएसच्या (कॉम्प्युटरच्या पॉवर सप्लायच्या) फिल्टर कपॅसिटरमुळे कॅबिनेट शंभरेक व्होल्टवर तरंगत राहतं, हात लावला की मुंग्या येतात ना, तेच. मी गावाकडे पंपाच्या स्टार्टरचा बोर्ड चालू मशीनला खोचला होता, ग्राउंडच्या आधी सिग्नलची पिन टेकली असावी, मॅक्स२३२ आणि पोर्ट दोन्ही एका झटक्यात गेले. तेव्हापासून कॉम्प्युटर आणि बोर्ड दोन्हीचे प्लग काढायचे, केबल जोडायची, मग स्विच.

आणि बोर्डाला ट्रान्सफॉर्मर नसलेला, कपॅसिटरवाला सप्लाय असेल तर केबल हातातच घेऊ नका, तिथे बोर्डाचं ग्राउंड म्हणजे थेट मेन्स, पोर्टचं सोडा, तुमचंच काहीतरी होईल.

मोटर, रिले, मेन्स असलं काही असेल तर ऑप्टोकपलर (तारेऐवजी प्रकाशाने सिग्नल पलीकडे देणारी चिप) घाला, जाताना एक येताना एक. ९६०० बॉडच्या वेगाला पीसी८१७ हा ऑप्टो चालतो, कलेक्टरचा रेझिस्टर १ के च्या आसपास ठेवा, १,१५,२०० हवं असेल तर ६एन१३७. फक्त दोन्ही बाजूंना एकाच अडॅप्टरचे ५ व्होल्ट देऊ नका, मग ऑप्टो लावून उपयोग काय?

बोर्ड लावायच्या आधी पोर्टची २ आणि ३ पिन एकमेकांना जोडून टर्मिनल प्रोग्राममध्ये टाइप करून बघा, अक्षरं परत आली तर पोर्ट जिवंत आहे.