एमआरआयला रेडिएशन किती असतं गं?

दरवर्षी बारावीचा निकाल आणि नीटचा निकाल लागला की माझ्याकडे एक प्रश्न हमखास येतो. मुलीला बीएस्सी रेडिओग्राफी मिळतंय, म्हणजे एक्स-रे सीटी वगैरे, पण मॅडम ते रेडिएशनचं काय? पुढे लग्न व्हायचंय, मुलंबाळं व्हायचीत. मुलगा असेल तर लग्नाचा भाग गळतो आणि केस गळतील का एवढंच उरतं. मी बावीस वर्षं समुपदेशनाचं काम करतेय आणि आता मला या प्रश्नाचा वास लांबूनच येतो, पण तो कसा यायला लागला ते सांगते.

एक आई आपल्या मुलीला घेऊन आली होती. मुलगी डिग्रीच्या तिसऱ्या वर्षाला, म्हणजे शेवटचं वर्ष आणि मग इंटर्नशिप, आणि आता म्हणते कॉलेजला जायचं नाही. कारण काय तर रेडिएशनची भीती. आई म्हणाली, "मी तर आधीच म्हणत होते, फोटो काढायला एवढी वर्षं शिकायचं कशाला, आणि वर ते अंगात भिनतं." मुलगी खाली बघून गप्प.

पहिली दोन सेशन मी माझ्या हुशारीत घालवली, कबूल करते. माझा कल पहिल्यापासून विचार तपासण्याकडे, भीती आहे ना मग पुरावा बघू, अशी माझी पद्धत. मी आकडे वाचून गेले होते. एईआरबीची, म्हणजे रेडिएशनवर देखरेख करणाऱ्या सरकारी मंडळाची, हे काम करणाऱ्यांसाठीची मर्यादा, पाच वर्षांची सरासरी धरून वर्षाला 20 मिलिसिव्हर्ट (हे रेडिएशनच्या डोसचं माप) आणि कुठल्याही एका वर्षात 30 च्या वर नाही, आपल्याला जमिनीतून आकाशातून नुसतं जगताना जगाच्या सरासरीने वर्षाला 2.4 च्या आसपास मिळतंच, वगैरे. मुलीने शांतपणे ऐकून घेतलं आणि मग मलाच समजावलं. म्हणाली मॅडम, अंतर दुप्पट केलं की डोस चौथा हिस्सा होतो, लेड अ‍ॅप्रनच्या आत छातीशी टीएलडी बॅज लावतो, अंगावर किती रेडिएशन पडलं ते मोजणारा, तो दर तीन महिन्यांनी तपासायला जातो, आणि आईला वाटतं तसं खोलीत काही साठून राहत नाही, बटण बंद केल्यावर बल्बचा उजेड राहतो का खोलीत? तिचे बॅजचे सगळे रिपोर्ट मर्यादेच्या खूप खाली होते. म्हणजे जिला भीती वाटतेय तिलाच भीतीचं उत्तर पाठ होतं. तेव्हा माझ्या डोक्यात प्रकाश पडायला हवा होता पण नाही पडला.

तिसऱ्या वेळी मी तिला पोस्टिंगचा, म्हणजे कुठल्या दिवशी कुठल्या विभागात काम त्याचा, तक्ता आणायला सांगितला आणि ज्या दिवशी गेली नाहीस त्यावर गोल कर म्हटलं. तिने गोल केले. मी बघतेय तर सीटीच्या दोन आठवड्यांत एकही गोल नाही. साध्या एक्स-रेपेक्षा सीटीला कितीतरी पट जास्त डोस असतो, अर्थात पेशंटला, ही बाहेर लेडच्या काचेमागे बसणार, पण घाबरणारं माणूस एवढा हिशोब करत नाही. गोल कुठे होते? ऑर्थोच्या वॉर्डात फिरतं एक्स-रे मशिन घेऊन जायचं तिथे. आणि एमआरआयच्या आठवड्यात पहिला दिवस सोडून सगळ्या दिवसांवर.

मी विचारलं, "एमआरआयला रेडिएशन किती असतं गं?"

"नसतंच मॅडम, तिथे मॅग्नेट अस..."

आणि थांबली. बराच वेळ थांबली. मी पाण्याचा ग्लास पुढे सरकवला आणि काही बोलले नाही, ही माझी जुनी सवय आहे आणि ती मला फार उपयोगी पडलीय. मग ती रडायला लागली.

लातूरला नीटच्या क्लासला असताना हिची एक रूममेट होती. तिला एमबीबीएस मिळालं, नेमकं त्याच हॉस्पिटलच्या कॉलेजात. त्यांच्या बॅचची रेडिओलॉजीची पोस्टिंग एमआरआयला आली तेव्हा समोरासमोर गाठ पडली. त्याआधी ऑर्थोच्या वॉर्डातही ती राउंडला दिसायची.

"काय म्हणाली ती?"

"म्हणाली, तू इथेच?"

"नक्की इथेच म्हणाली?"

जरा विचार करून म्हणाली, "अगं तू इथे? असं म्हणाली."

"मग तो च कुणी लावला?"

त्यावर ती रडता रडता हसली. मला अजून तो क्षण आठवला की बरं वाटतं, कारण पुढच्या पाच-सहा भेटींचं काम त्या एका अक्षराने केलं. डॉक्टरच व्हायला पाहिजे, नाहीतर मी वायाच गेले, घरच्यांचं नाकच कापलं. सगळीकडे च. डॉक्टर व्हायला आवडलं असतं, हे खरंय, त्याचं वाईट वाटणारच आणि वाटू दे (हा माझा च चालेल). पण नाही झाले म्हणून मी संपले, हे कुठल्या पुराव्यावर?

मग मी तिला तिच्या कामाचं विचारायला लागले आणि पोरगी खुलली. खुब्याचं हाड मोडलेल्या आजोबांचा फोटो त्यांना न दुखवता कसा घ्यायचा, पाय फिरवायचा नाही, मशिन फिरवायचं. कधी कधी समोरून घेतलेल्या फोटोत हाड अखंड दिसतं आणि बाजूने घेतला की फ्रॅक्चर दिसतो, म्हणून दोन फोटो काटकोनात लागतात, एकावर विश्वास ठेवायचा नाही. मी म्हटलं तू स्वतःचा मात्र एकाच बाजूने काढून ठेवलायस. (हे वाक्य मला तिथल्या तिथे सुचलं, थोडी मिरवते.)

आता ज्यांच्या घरी हा प्रश्न सध्या चालू आहे त्यांच्यासाठी. रेडिएशनची काळजी खोटी नाही, ते जपूनच करायचं काम आहे, पण त्याचे नियम आहेत आणि ते पाळले जातात का हे तुम्ही अ‍ॅडमिशनच्या आधी विचारायचं. कॉलेजला स्वतःचं हॉस्पिटल आहे का, पोरांना टीएलडी बॅज देतात का, सीटी आणि एमआरआयवर प्रत्यक्ष हात लावायला मिळतो का नुसतं उभं करतात, आणि डिग्री कुठल्या विद्यापीठाची. सहा महिन्यांत टेक्निशियन व्हा म्हणणाऱ्यांकडे पैसे भरू नका, एईआरबी मशिन चालवणाऱ्याची पात्रता बघते आणि 2021 मध्ये रेडिओग्राफीसारख्या सगळ्या क्षेत्रांसाठी राष्ट्रीय आयोगाचा कायदाही आलाय. आणि पुढे सोनोग्राफी सेंटर टाकेल असं स्वप्न बघत असाल तर आपल्याकडे गर्भलिंगनिदान रोखणाऱ्या पीसीपीएनडीटी कायद्यामुळे सोनोग्राफी पात्र डॉक्टरच करतात, हे आधीच कळलेलं बरं. मुलीच्या गरोदरपणाचं म्हणाल तर दिवस गेल्याचं कळवलं की बाळाला पुढच्या काळात 1 मिलिसिव्हर्टच्या आत ठेवायचं बंधन आहे, ड्युटी त्याप्रमाणे बदलतात.

हे सगळं विचारून झालं, उत्तरंही बरी मिळाली, आणि तरी घरात कुणाचं तोंड उतरलेलंच असेल तर मग रेडिएशनचं बोलणं थांबवा आणि दुसरं काहीतरी विचारा. आईबापांनी स्वतःलाही विचारा. त्या आईला मी एकटीला बोलावलं तेव्हा कळलं की बिल्डिंगमध्ये तिने दोन वर्षं "मेडिकलला आहे" एवढंच सांगून ठेवलं होतं.

मुलगी परत गेली, आता इंटर्नशिप चालू आहे. रूममेटशी फार मैत्री वगैरे झाली नाही, कँटीनमध्ये भेटल्या तर चहा घेतात.

परवा एका वडिलांचा फोन आला. मुलाला रेडिओग्राफीला नंबर लागलाय, पण मॅडम, ते रेडिएशनचं काय हो?

मी म्हटलं सांगते, आधी मला सांगा नीटला किती पडले?

पलीकडे बराच वेळ कुणी बोललं नाही. मग म्हणाले, "भेटायला कधी येऊ?"